स्टार्टअप बंद पडला होता, पण मी तो बंद केलाच नव्हता

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, ऐन गोडी छाटणीच्या दिवसांत, निफाडकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. "साहेब, तुमच्या अ‍ॅपवर रमी चालू केली का?"

मला आधी काही कळेना. आमची कंपनी बंद पडून दीड वर्ष झालं होतं. पण त्यांच्या फोनमध्ये अ‍ॅप अजून होतं. छाटणीसाठी मजूर मिळतात का बघावं म्हणून त्यांनी ते उघडलं, तर पत्त्यांची चित्रं आणि 'आत्ता खेळा, बोनस मिळवा'. मी फोन ठेवला आणि लॅपटॉपवर आमच्या साइटचा पत्ता टाकला. खरंच रमी होती.

स्टार्टअप कसा सुरू करायचा यावर मराठीत भरपूर लिहिलं गेलंय. बंद पडल्यावर काय करायचं, यावर फार कोणी बोलत नाही. कारण उघड आहे, ज्याचा बंद पडतो तो लपून बसलेला असतो. मीही तेच करत होतो. म्हणून या लेखात दोन्ही गोष्टी एकत्र सांगतोय: डोमेन, सर्व्हर, फॉर्म, लेट फी हे सगळं, आणि डोक्यात जे चालतं तेही. माझ्या बाबतीत ही दोन कामं वेगळी निघालीच नाहीत.

आधी थोडक्यात कंपनीबद्दल. २०१८ मध्ये मी आणि माझ्या कॉलेजच्या मित्राने नाशिकमध्ये प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. द्राक्षबागेला छाटणी, विरळणी, डिपिंग या कामांना ठरावीक दिवसांतच माणसं लागतात. दोन दिवस उशीर झाला तरी घडाचं नुकसान होतं. दुसरीकडे पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडला येतात, आणि मुकादम ओळखीवर काम शोधतो. आम्ही म्हटलं, शेतकरी आणि टोळी यांची गाठ अ‍ॅपवर घालून देऊ, एकरी थोडं कमिशन घेऊ. कल्पना ऐकून लोक टाळ्या वाजवायचे. मार्च २०२१ मध्ये आम्ही काम थांबवलं. काम थांबवलं, एवढंच. ऑफिसची चावी घरमालकाला दिली, सामान मित्राच्या गॅरेजमध्ये टाकलं आणि आपापल्या घरी गेलो.

रमी आली कुठून?

डोमेन हे विकत घेतलेलं नसतं, भाड्याने घेतलेलं असतं. हे मी दुसऱ्यांना सांगायचो आणि स्वतः विसरलो. मुदत संपली की लगेच ते हातातून जात नाही. डॉट कॉमसारख्या डोमेनला आधी काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करता येतं, मग साधारण ३० दिवस जास्त पैसे भरून परत मिळवता येतं, मग ५ दिवसांत ते रजिस्ट्रीमधून पुसलं जातं आणि कोणालाही घेता येतं. जुनी, थोडी वर्दळ असलेली डोमेन उचलणारे लोक टपूनच असतात, कारण त्यावर येणारे लोक फुकटात मिळतात. मुदत संपत आल्याचे ईमेल मला आले होते. कंपनीच्या ईमेलवर. तो मी उघडतच नव्हतो, कारण त्या इनबॉक्सकडे बघितलं की छातीत धस्स व्हायचं.

आमच्या अ‍ॅपमधले निम्मे पडदे प्रत्यक्षात वेब पानं होती, अ‍ॅपच्या चौकटीत उघडणारी. याला वेबव्ह्यू म्हणतात. स्वस्तात काम होतं, आम्हीही तेच केलं होतं. त्यामुळे डोमेन ज्याच्या हातात, त्याची पानं आमच्या अ‍ॅपमध्ये, आमच्या लोगोखाली. शेतकऱ्याच्या दृष्टीने मीच त्याला रमी खेळायला सांगत होतो.

खरा धोका याहून मोठा आहे, तो नीट समजून घ्या. नवा मालक त्या डोमेनवर येणारा ईमेलही आपल्याकडे वळवू शकतो. म्हणजे तुमच्या जुन्या कंपनीच्या ईमेलवर जी जी खाती उघडलेली आहेत, क्लाउड, पेमेंट गेटवे, सोशल मीडिया, अ‍ॅप स्टोअर, त्यातल्या कुठल्याही खात्याला तो 'पासवर्ड विसरलात?' असं विचारू शकतो आणि दुवा त्याच्याच इनबॉक्समध्ये येतो. मोबाइल नंबरचंही तसंच. वापर नसलेला प्रीपेड नंबर काही मुदतीनंतर बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला दिला जातो. त्या नंबरवर बँकेचा ओटीपी येत असेल तर विचार करा.

त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत बसलो. सर्व खात्यांची यादी केली, प्रत्येकाचा ईमेल बदलून माझा वैयक्तिक टाकला, अ‍ॅप स्टोअरवरून अ‍ॅप काढलं. ज्यांच्या फोनवर ते आधीच होतं त्यांच्या फोनवरून ते मला काढता येणार नव्हतं. म्हणून जुन्या बॅकअपमधून नंबर काढून एक मेसेज पाठवला: अ‍ॅप बंद झालंय, काढून टाका, त्यावर काही दिसलं तर ते आमचं नाही. याच झाडाझडतीत कळलं की 'बंद' करून ठेवलेल्या सर्व्हरचं बिल दर महिन्याला कार्डावरून जातच होतं. क्लाउडवर मशीन थांबवलं की मशीनचं भाडं थांबतं, पण त्याला जोडलेल्या डिस्कचं आणि बॅकअपच्या साठ्याचं भाडं चालू राहतं. थांबवणं आणि काढून टाकणं या वेगळ्या आज्ञा आहेत. माझ्या आयुष्याबद्दलही हेच म्हणता आलं असतं, पण तेव्हा एवढं सुचण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

एक सरळ सल्ला: कंपनी बंद करा, डोमेन काही वर्षं ठेवा. वर्षाला हजार-दीड हजाराचा प्रश्न असतो. त्यावर एक पान टाका, 'सेवा बंद झाली आहे' आणि संपर्काचा पत्ता. माझं डोमेन परत मिळालं नाही. ते आजही दुसऱ्याचं आहे, म्हणूनच या लेखात मी कंपनीचं नाव लिहीत नाहीये.

कंपनी आपोआप मरत नाही

दुसऱ्या दिवशी सीएंना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "रिटर्न कोणी भरले?" कोणीच नव्हते भरले.

बऱ्याच जणांचा समज असतो की व्यवहार थांबले की कंपनी संपली. कायद्याच्या नजरेत कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती आहे. तुम्ही जन्माला घातलीत, आता तुम्ही तिच्याशी बोलणं सोडलंत तरी ती जिवंतच राहते, आणि दर वर्षी तिच्या नावाने हिशेब (एओसी-४) आणि वार्षिक विवरण (छोट्या कंपनीसाठी एमजीटी-७ए) मागितलं जातं. एक रुपयाचाही व्यवहार नसला तरी. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये जादा फी, आणि तिला वरची मर्यादा नाही. दोन फॉर्म म्हणजे रोज २००. मी सकाळी दहापर्यंत पांघरूण घेऊन पडायचो त्या प्रत्येक दिवसाचे २०० रुपये.

याहून वाईट म्हणजे सलग तीन आर्थिक वर्षं हे भरलं नाही, तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६४(२) प्रमाणे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. म्हणजे पुढे नवी कंपनी काढायची म्हटलं तरी नाही, दुसऱ्या कोणी बोर्डावर घ्यायचं म्हटलं तरी नाही. माझं तिसरं वर्ष फार लांब नव्हतं.

बंद करायचा रस्ता तसा सरळ आहे. मागची दोन आर्थिक वर्षं धंदा केलेला नसेल आणि कोणाचं देणं राहिलेलं नसेल, तर कलम २४८ खाली एसटीके-२ हा अर्ज करून कंपनीचं नाव नोंदवहीतून काढून घेता येतं. अर्जाची फी १०,००० रुपये. त्याआधी बँक खातं बंद, जीएसटी नोंदणी रद्द, आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचं विवरण जीएसटीआर-१०. धंदा थांबला त्या वर्षापर्यंतचे राहिलेले फॉर्म लेट फीसह भरावे लागतात. मे २०२३ पासून हे अर्ज देशभरातून हरियाणातल्या मानेसरच्या सी-पेस नावाच्या केंद्राकडे जातात, त्यामुळे काम पूर्वीपेक्षा लवकर होतं. कंपनी पुढे-मागे वापरायची असेल तर कलम ४५५ खाली 'सुप्त' म्हणून ठेवायचीही सोय आहे, पण अगदी खरी शक्यता असेल तरच. मला वाटतं बहुतेक जण ती आशेपोटी घेतात.

आणखी एक. 'लिमिटेड' म्हणजे माझ्या घरावर येणार नाही, असं आपण समजतो. कर्ज घेताना तुम्ही वैयक्तिक हमीपत्रावर सही केली असेल तर येतं. आमच्या ओव्हरड्राफ्टवर मी केली होती. बँक तडजोडीला तयार होती. पण कमी रक्कम भरून मिटवलं की सिबिलमध्ये 'सेटल्ड' असं लागतं आणि पुढची बँक ते बघून तोंड फिरवते. पूर्ण भरलं की 'क्लोज्ड'. जमत असेल तर हप्ते पाडून घ्या, पण पूर्ण भरा.

अर्जातली एक अट मला पुरून उरली: सगळ्या संचालकांचं प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्र, नोटरीसमोर. म्हणजे माझ्या पार्टनरचंही. आम्ही शेवटच्या महिन्यांत एकमेकांना जे बोललो होतो त्यानंतर दोन वर्षं एक शब्द नव्हता. तो बंगळुरूला नोकरीला लागला होता. हे मला त्याच्याकडून नव्हे, लिंक्डइनकडून कळलं होतं.

फोन करायला मला अकरा दिवस लागले. त्याने उचलला. मी म्हटलं, "अरे, स्टॅम्प पेपरवर तुझी सही लागणार आहे." तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "मला वाटलं तू केव्हाच बंद केली असशील. मी तुला विचारायला घाबरत होतो." पुढचा पाऊण तास आम्ही स्टॅम्प पेपरबद्दल बोललो. कुठला, किती रुपयांचा, कुरिअर कुठलं. बाकीचं बोलणं त्यानंतर कितीतरी महिन्यांनी झालं. पण सुरुवात स्टॅम्प पेपरने झाली, आणि मला नाही वाटत दुसऱ्या कशाने झाली असती.

एवढं साधं होतं, तर आधी का नाही केलं?

कारण ते काम म्हणजे नुसते फॉर्म नव्हते. प्रत्येक फॉर्म म्हणजे एक पाटी होती: तू हरलास.

संशोधक डीन शेफर्ड यांनी २००३ मध्ये व्यवसाय बुडण्यावर एक लेख लिहिला होता, तो मला फार उशिरा वाचायला मिळाला. त्यांचं म्हणणं असं की स्वतःचा व्यवसाय जाणं हे नोकरी जाण्यापेक्षा घरातलं माणूस जाण्याच्या जवळचं आहे. ते दुःखच आहे, आणि दुःखात माणसाला शिकता येत नाही. 'अपयशातून शिका' म्हणणं सोपं, पण डोकं तेव्हा शिकण्याच्या अवस्थेतच नसतं. मग करायचं काय? सतत त्याच गोष्टीचा कीस काढत बसलं तर माणूस त्यात रुततो. अजिबात विचार न करता दुसऱ्या कामात गाडून घेतलं तर ते आत साचतं आणि नको तेव्हा वर येतं. शेफर्ड सांगतात की आलटून-पालटून दोन्ही करावं. थोडा वेळ झालेल्याकडे बघायचं, मग उठून पुढच्या आयुष्यातलं एखादं साधं काम करायचं, मग पुन्हा.

मी दीड वर्ष फक्त दुसरा प्रकार केला होता. फ्रीलान्स कामं घेत होतो, रात्री जागत होतो. कॉलेज रोडवरून जायचं टाळायचो, कारण तिथे कोणीतरी भेटून "काय म्हणतंय तुझं अ‍ॅप?" असं विचारणार. नातेवाइकांच्या लग्नात "चाललंय, थोडं रीस्ट्रक्चरिंग चालू आहे" असं मी एकदा बोललोय. कंपनी तेव्हा चौदा महिने बंद होती.

दुसरा एक प्रयोग सांगतो, कारण तो थेट आपल्यासारख्या लोकांवर केलेला आहे. १९९४ साली अमेरिकेत स्पेरा, ब्युअरफाइंड आणि पेनेबेकर यांनी नोकरी गेलेल्या व्यावसायिकांना सलग ५ दिवस, रोज २० मिनिटं लिहायला सांगितलं. एका गटाने नोकरी जाण्याबद्दलचे स्वतःचे विचार-भावना लिहायच्या, दुसऱ्या गटाने भावना सोडून बाकीचं काहीतरी. पुढच्या काही महिन्यांत पहिल्या गटातल्या जास्त लोकांना नोकऱ्या लागल्या. गंमत म्हणजे त्यांनी जास्त अर्ज केले होते असं नाही. छोटा प्रयोग आहे, त्याला फार ताणू नका. पण मी तो करून पाहिला. पहिल्या दिवशी सगळी पानं पार्टनरच्या नावाने भरली. चौथ्या दिवशी पेठच्या मुलाबद्दल लिहिलं, आणि मग थांबावं लागलं. त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

झोप जात असेल, छातीत दुखत असेल, 'आपण नसतो तर घरच्यांचं बरं झालं असतं' असा विचार एकदा जरी आला असेल, तर लिहीत वगैरे बसू नका. सरळ डॉक्टर गाठा. मला शेवटचा विचार दोनदा आला होता. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मी बायकोच्या आग्रहाने मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. सहा महिने गोळ्या घेतल्या. हे मी आता सहज लिहितोय, तेव्हा मेडिकलवाल्यालाही चिठ्ठी घडी घालून द्यायचो.

पोस्टमॉर्टेम: कोणी केलं नाही, काय झालं

सॉफ्टवेअरच्या जगात सर्व्हर पडला की नंतर एक अहवाल लिहितात, पोस्टमॉर्टेम. गूगलने २०१६ मध्ये आपल्या साइट रिलायबिलिटी इंजिनीअरिंगवरच्या पुस्तकात त्याचा 'दोष न देणारा' प्रकार मांडला. नियम असा की 'कोणी चूक केली' हे लिहायचं नाही. किती वाजता काय झालं, त्या वेळी समोर कोणती माहिती होती, त्या माहितीवर ते पाऊल बरोबर का वाटलं, हे लिहायचं. दोष द्यायला लागलं की लोक माहिती लपवतात, हा त्यामागचा अनुभव.

सर्व्हरसाठी मी असे बरेच अहवाल लिहिले होते. कंपनीसाठी लिहायला बसलो तेव्हा माझ्याकडे कारण तयार होतं: लॉकडाउन. मार्च २०२० मध्ये सगळं थांबलं, आम्ही बुडालो. दोन वर्षं मी हेच सांगत आलो होतो. लोकांना पटायचं, मलाही पटायचं.

मग बॅकअप काढला आणि साधी क्वेरी चालवली: ज्याने एकदा बुकिंग केलं त्याने दुसऱ्यांदा केलं का? पहिल्या हंगामात २१२ शेतकऱ्यांनी आमच्याकडून टोळी नेली होती. त्यातल्या ३१ जणांनी पुन्हा बुकिंग केलं. बाकीचे गेले. आणि ही गळती २०१९ च्या छाटणीतच पूर्ण झालेली होती, लॉकडाउनच्या पाच महिने आधी.

कारण कळायला क्वेरीची गरजही नव्हती. टोळी बागेत आली, काम चांगलं झालं, की संध्याकाळी चहा पिताना शेतकरी मुकादमाचा नंबर घेतो. पुढच्या वेळी तो आम्हाला कशाला कमिशन देईल? आमचं काम जितकं चांगलं व्हायचं, तितका आमचा ग्राहक पक्का निघून जायचा. गाठ घालून देणाऱ्या प्रत्येक धंद्याला हा रोग असतो. ज्यांना एकमेकांची पुन्हा पुन्हा गरज पडते अशा दोन माणसांमध्ये उभं राहायचं, तर प्रत्येक वेळी काहीतरी नवं द्यावं लागतं: पैशांची हमी, विमा, उधारी. आमच्याकडे फक्त ओळख होती, आणि ओळख एकदाच विकता येते.

ही क्वेरी चालवायला दहा मिनिटं लागतात. २०१९ च्या नोव्हेंबरात चालवली असती तर मामांचे चार लाख घेतले नसते.

मामा

ते चार लाख आम्ही फेब्रुवारी २०२० मध्ये घेतले होते. मामा पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षं करतात. शिक्षण दहावी, पण बागेचा हिशेब पैशापैशाचा. त्यांच्याकडे जायची मला सगळ्यात जास्त भीती होती. शेवटी एसटीके-२ नेच पाठवलं. 'कोणाचं देणं नाही' असं लिहून द्यायचं तर ते चार लाख एकतर फेडायचे, नाहीतर त्यांच्याशी बोलून काय ते ठरवायचं.

मी सगळं सांगितलं. २१२ आणि ३१ सुद्धा. मामा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तुला दोन हजार दहा आठवतंय का? तू तेव्हा कॉलेजात होतास."

नाशिकमधल्या द्राक्षवाल्या घरांत २०१० हे साल सांगावं लागत नाही. त्या वर्षी युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या संप्रेरकाचे अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडले. आपल्याकडे तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतंच. माल तिकडे अडकला, भाव कोसळले, निर्यातदारांचे कोट्यवधी बुडाले. त्यात आडगावचे विलास शिंदेही होते. कृषी अभियांत्रिकीत एम.टेक. केलेला, आधी शेतीत आणि जोडधंद्यांत बरेच प्रयोग फसलेला हा माणूस निर्यातीत जरा स्थिरावला होता, तेवढ्यात हे झालं. त्यांनी शेतकऱ्यांची देणी स्वतःच्या अंगावर घेतली, हे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलंय. त्यानंतर त्यांनी शेतकऱ्यांचीच मालकी असलेली कंपनी उभी केली, सह्याद्री. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला तिचा मोठा प्रकल्प आहे आणि २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिच्यात ३१० कोटी रुपये घातले.

यशोगाथा म्हणून ही गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल, भाषणांत ती सारखी येते. मामांनी ती तशी सांगितली नाही. ते म्हणाले, "त्या साली आमचे पैसे दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडे अडकले. तो फोनच उचलायचा नाही. पैसे गेले त्याचं आता काही नाही. पण तो वाटेत दिसला की तोंड फिरवतो ना, ते अजून लागतं. तू दोन वर्षं दिवाळीला आला नाहीस." एवढं बोलून ते मोटर बंद करायला गेले.

चार लाखांचे आम्ही महिन्याला आठ हजार ठरवले. कंपनीकडून ते देणं मी माझ्या नावावर घेतलं, तसं साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. मामींनी जेवून जायला लावलं.

पेठचा मुलगा आमचा फील्डचा माणूस होता. मुकादमांना अ‍ॅप शिकवायचा, मोटरसायकलवर गावोगावी फिरायचा. त्याचा दीड महिन्याचा पगार आणि पेट्रोलचे पैसे राहिले होते, एकूण ४५ हजार. त्याने पहिल्या सहा महिन्यांत मला बऱ्याचदा फोन केला. मी उचलला नाही. मामांकडून परतताना मला कळलं की त्याच्या आयुष्यात 'तो व्यापारी' मीच आहे. पुढच्या आठवड्यात फ्रीलान्सचे पैसे आल्यावर पेठला गेलो. तो मला बघून हसला नाही, रागावलाही नाही. पैसे मोजून घेतले आणि म्हणाला, "सर, तेव्हा बहिणीचं लग्न होतं." मी माफी मागितली. तो बरं म्हणाला. एवढंच झालं. काही गोष्टी मिटवल्या तरी पूर्वीसारख्या होत नाहीत, हे इथे लिहून ठेवतो.

नोकरी

संस्थापक माणसाला नोकरी शोधताना दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे हात गंजलेले असतात. तीन वर्षं मी कोडपेक्षा शेतकरी मेळाव्यात जास्त होतो. पहिल्या दोन कंपन्यांच्या चाचण्यांत सपशेल आपटलो. मग रोज सकाळी दोन तास अभ्यास सुरू केला, जुन्या अ‍ॅपमधला एक भाग नव्याने लिहून काढला. तो नमुना म्हणून दाखवायलाही कामाला आला. जुना कोड दाखवताना एक जपा: त्यात ग्राहकांचे नंबर, पासवर्ड, चाव्या राहिलेल्या असतात, आणि कोड कंपनीच्या मालकीचा असतो, त्यामुळे पार्टनरची संमती घ्या. ग्राहकांची माहिती तर काम संपल्यावर पुसूनच टाकायला हवी, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचाही रोख तोच आहे. मात्र हिशेबाची वह्या-कागदपत्रं आठ वर्षं सांभाळायची असतात. ती पुसू नका.

दुसरी अडचण म्हणजे 'बंद का पडला?' हा प्रश्न. पहिल्या मुलाखतींत मी लॉकडाउन सांगितलं. समोरचे मान डोलवायचे आणि पुढे फोन यायचा नाही. पोस्टमॉर्टेमनंतर मी २१२ आणि ३१ सांगायला लागलो. फरक लगेच दिसला. सातपूरच्या ज्या कंपनीत मी आज आहे, तिथले साहेब खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "ही क्वेरी तुम्ही तेव्हा का चालवली नाही?" मी म्हटलं, "उत्तर काय येईल याची भीती होती." पुढचा अर्धा तास ते त्यांच्या एका प्रॉडक्टबद्दल बोलत होते, जे त्यांनाही बंद करवत नव्हतं.

"परत स्टार्टअप काढून पळून जाणार का?" हेही विचारतात. "सध्या कर्ज फेडतोय" हे उत्तर मला पुरलं.

मालक असलेल्या माणसाने पुन्हा पगारावर जायचं, हे सुरुवातीला फार बोचतं. मी सुट्टीच्या दिवशी कधीकधी पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात जाऊन बसायचो. गर्दी नसते म्हणून, बाकी काही नाही. दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे, एवढंच मला माहीत होतं. नंतर वाचलं की चित्रपटाच्या आधी भागीदारीतल्या छापखान्यातून ते बाहेर पडले होते. पुढे नाशिकला भागीदारांबरोबर हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली, तिथेही पटलं नाही, तेव्हा सगळं सोडून काशीला गेले आणि नाटक लिहीत बसले. १९२२ च्या सुमारास परतले ते त्याच कंपनीत चित्रपट करायला. भारतीय चित्रपटाचा जनक म्हणतात तो माणूस स्वतःच काढलेल्या कंपनीत पुन्हा कामाला आला. त्यांचा शेवट काही सुखाचा झाला नाही, १९४४ मध्ये नाशिकलाच ते जवळजवळ विस्मृतीत गेले. त्यामुळे यातून हुरूप वगैरे घ्यावा असं मी म्हणत नाही. फक्त पगाराच्या पहिल्या दिवशी अंबड लिंक रोडवरच्या सिग्नलला थांबलो असताना मला ते काशीहून परतणं आठवलं, आणि जरा बरं वाटलं.

एसटीके-२ जून २०२३ मध्ये भरला. लेट फी आणि बाकी सगळं धरून लाखाच्या वर गेले. ती रक्कम मी आणि पार्टनरने निम्मी-निम्मी घातली. कंपनीचं नाव काढल्याची नोटीस राजपत्रात येते, कितीतरी कंपन्यांच्या लांबच लांब यादीत. वडिलांनी ती मला छापून आणायला लावली, चष्मा लावून आमचं नाव शोधलं, त्याखाली पेनने रेघ मारली आणि घराच्या कागदांच्या फाइलमध्ये लावून टाकली.

मामांचे अजून सतरा हप्ते राहिलेत. मागच्या ऑक्टोबरमध्ये हप्ता घेऊन गेलो तेव्हा बागेत छाटणी चालू होती. मुकादमाने मला ओळखलं. २०१८ च्या हंगामात आमच्या अ‍ॅपवरून मामांच्या बागेत आलेली पहिली टोळी हीच. तेव्हापासून दर वर्षी तीच येते. मामा थेट फोन करतात.